द्रव्याची ‘बहुता’ आणि औषधशाळेचे वार्षिक नियोजन

चिकित्सेच्या चतुष्पादांचे विवेचन करताना चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. यांपैकी योग्यत्व, कल्पना व संपत् या तिन्ही गुणांविषयी आपल्या परिषदांतून व नियतकालिकांतून पुष्कळ चर्चा होते. द्रव्याची ओळख, भेसळ, प्रमाणीकरण, नवीन कल्पना हे विषय आपल्या परिचयाचे आहेत. परंतु आचार्यांनी ज्या गुणाचा उल्लेख सर्वप्रथम केला, त्या ‘बहुते’कडे मात्र आपण व्यापाराचा विषय म्हणून दुर्लक्ष करतो. बहुता म्हणजे औषधद्रव्य पुरेशा प्रमाणात आणि आवश्यक त्या वेळी हाताशी असणे. हा गुण द्रव्याला आपोआप येत नाही. तो औषधशाळेच्या नियोजनातून येतो.

नियोजन ढासळले की त्याचे परिणाम तीन प्रकारे दिसतात. पहिला, तीन महिने चालणाऱ्या चिकित्सेत दुसऱ्या महिन्यातच औषध संपते आणि उपशय मिळू लागलेला रुग्ण खंडित होतो. दुसरा, एकाच वेळी भरमसाट तयार केलेले चूर्ण कपाटात जुने होते व हीनवीर्य अवस्थेत रुग्णापर्यंत पोहोचते. तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. बॅच लावण्याच्या दिवशी एक घटक उपलब्ध नसतो, कामगार बसून असतात, मागणी दारात उभी असते, आणि अशा वेळी तो घटक वगळण्याचा किंवा जवळपासचे काहीतरी घालण्याचा मोह होतो. असे औषध नावाने तेच राहते, पण योग बदललेला असतो. वैद्य निदान अचूक करतो, कल्पाची निवडही योग्य करतो, तरीही गुण येत नाही, आणि दोष मात्र शास्त्राच्या माथी बसतो.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३३-ईईसी च्या निर्मितीविषयक निर्बंधांतून सूट आहे. परवानाधारक औषधशाळेला मात्र परिशिष्ट ‘टी’ मधील उत्तम निर्मिती पद्धतींचे पालन बंधनकारक आहे. बहुतेचा प्रश्न या दोघांसमोरही सारखाच उभा राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात कच्च्या मालाचे व उत्पादनाच्या वेळापत्रकाचे नियोजन आम्ही दोघांच्याही सोयीने, सोप्या उदाहरणांसह मांडत आहोत.

१. मागणी दोन प्रकारची असते

आधुनिक उत्पादनशास्त्रात या विषयाची पद्धतशीर मांडणी जोसेफ ऑर्लिकी यांनी केली. ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ हा त्यांचा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मध्यवर्ती विचार साधा आहे. तयार मालाची मागणी ग्राहकावर अवलंबून असते, म्हणून तिचा अंदाज बांधावा लागतो. त्या मालात जाणाऱ्या घटकांची मागणी मात्र तयार मालावर अवलंबून असते, म्हणून तिचा अंदाज बांधण्याचे कारणच नाही. तिचे गणित करता येते.

आपल्या बहुतेक लहान औषधशाळांत नेमके याच्या उलट चालते. पिंपळी संपत आली की गेल्या वेळी जेवढी आणली तेवढीच पुन्हा मागवली जाते. ती कोणत्या कल्पात किती गेली आणि पुढील सहा महिन्यांत किती जाणार, याचा हिशेब होत नाही. वस्तुतः अंदाज करायचा तो सितोपलादी चूर्ण किती लागेल याचा. तो एकदा ठरला की पिंपळी किती लागेल हे योगातील प्रमाणावरून निश्चित होते.

तयार औषधाच्या मागणीचा अंदाज घेण्यासाठी मागील तीन वर्षांची विक्री महिनावार लिहून काढावी. सर्दी-खोकल्याची औषधे, पावसाळ्यातील अग्निमांद्यावरील औषधे, उन्हाळ्यातील पित्तशामक औषधे यांची चढउतार त्यात स्पष्ट दिसते. औषध शिल्लक नव्हते म्हणून परत पाठवावी लागलेली मागणीही नोंदवावी. ज्या महिन्यात औषध नव्हते त्या महिन्याची विक्री शून्य दिसते, पण मागणी शून्य नसते.

२. घटक-तक्ता आणि आकडेमोड

प्रत्येक कल्पासाठी एक घटक-तक्ता तयार करावा. त्यात घटकाचे नाव, उपयुक्त अंग, योगातील भाग, आर्द्र की शुष्क, शोधन आवश्यक आहे काय, आणि स्वच्छता, शोधन व कुटण्यातील घट एवढ्या नोंदी असाव्यात. उदाहरणादाखल तीन कल्प घेऊ. वर्षभरासाठी सितोपलादी चूर्ण ९३ किलो, त्रिफळा गुग्गुळ ४५ किलो आणि त्रिकटू चूर्ण ३० किलो लागेल, असे समजू.

सितोपलादीत खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ व दालचिनी १, असे एकूण ३१ भाग आहेत. ९३ किलोंसाठी अनुक्रमे ४८, २४, १२, ६ व ३ किलो लागतील. त्रिफळा गुग्गुळात त्रिफळ्याचे तीन भाग, पिंपळी एक भाग व शुद्ध गुग्गुळ पाच भाग, असे नऊ भाग आहेत. ४५ किलोंसाठी हिरडा, बेहडा, आवळा व पिंपळी प्रत्येकी ५ किलो आणि शुद्ध गुग्गुळ २५ किलो लागेल. त्रिकटूत पिंपळी १० किलो जाईल.

आता पिंपळीची एकूण गरज १२ अधिक ५ अधिक १०, म्हणजे २७ किलो झाली. तिन्ही कल्पांचा वेगवेगळा विचार केला असता ही बेरीज कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि त्रिकटूची बॅच उरकली की सितोपलादीसाठी पिंपळी उरत नाही.

यात घट मिळवायची. निवडणे, वाळवणे व कुटणे यांत आपल्या नोंदींनुसार १० टक्के घट येत असेल, तर २७ किलोंत १० टक्के मिळवणे ही पद्धत चुकीची आहे. २७ ला ०.९ ने भागावे. उत्तर ३० किलो येते. लहान आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो, परंतु शोधनात घट मोठी असते तेथे तो जाणवतो. गुग्गुळाच्या शोधनात आपली घट २० टक्के असेल, तर २५ किलो शुद्ध गुग्गुळासाठी ३० किलो नव्हे, ३१.२५ किलो अशुद्ध गुग्गुळ आणावा लागेल. घटीचे आकडे पुस्तकातून न घेता स्वतःच्या बॅच-नोंदीतून घ्यावेत, कारण व्यापारी, प्रदेश व ऋतू यांप्रमाणे ते बदलतात.

यानंतर शिल्लक साठा वजा करायचा. येथे एक दक्षता आवश्यक आहे. परिशिष्ट ‘टी’ नुसार कच्च्या मालावर ‘परीक्षणाधीन’, ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असा निर्देश हवा. नियोजनात फक्त मंजूर साठाच शिल्लक म्हणून धरावा. भांडारात पिंपळी ९ किलो आहे, पण त्यातील ३ किलोंना कीड लागलेली असेल, तर शिल्लक ६ किलो आणि खरेदी २४ किलो. वहीतील आकडा व डब्यातील द्रव्य यांची प्रत्यक्ष ताडणी दर तिमाहीस केल्याशिवाय पुढचे सर्व गणित व्यर्थ होय.

आर्द्र-शुष्क भेदाचाही विचार येथेच करावा. शुष्क द्रव्याच्या ठिकाणी आर्द्र घेतल्यास ते दुप्पट घेण्याचा परिभाषेचा नियम आहे. परंतु गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा इत्यादी जी द्रव्ये शार्ङ्गधराचार्यांनी सदैव आर्द्रच घेण्यास सांगितली आहेत, त्यांना हे द्विगुणत्व लागू नाही. घटक-तक्त्यात ही नोंद नसेल तर खरेदीच्या प्रमाणातच चूक होते.

३. उपलब्धतेनुसार द्रव्यांचे चार वर्ग

कोणत्याही कारखान्याच्या नियोजनात ‘आज मागवले तर कधी मिळेल’ हा प्रश्न असतो. आपल्या क्षेत्रात त्याआधी ‘निसर्ग हे द्रव्य कधी देतो’ हा प्रश्न येतो. त्या दृष्टीने आम्ही द्रव्यांचे पुढील चार वर्ग सुचवतो.

पहिला वर्ग, बाजारात वर्षभर शुष्क स्वरूपात मिळणारी द्रव्ये : सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, दालचिनी, वेलची इत्यादी. या वर्गासाठी एका खेपेत किती आणावे, याचे सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी १९१३ साली मांडले होते. वार्षिक गरज, एका खरेदीचा खर्च व २ हा अंक यांचा गुणाकार करून त्याला एक किलो माल वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. वार्षिक गरज १२० किलो, एका खरेदीचा वाहतूक व परीक्षणासह खर्च ५०० रुपये आणि साठवणुकीचा खर्च किलोमागे ३० रुपये धरल्यास उत्तर सुमारे ६३ किलो येते. म्हणजे वर्षातून दोन खेपा पुरेत.

दुसरा वर्ग, वर्षातून एकाच ऋतूत गोळा होणारी द्रव्ये : धायटीची फुले, पळसाची फुले, बिब्बा, बेहडा, हिरडा इत्यादी. येथे हॅरिस यांचे सूत्र लागू पडत नाही, कारण त्यात माल केव्हाही मिळतो असे गृहीत आहे. धायटी शिशिराच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत फुलते, आणि आपल्या आसवारिष्टांचे संधान तिच्यावर अवलंबून असते. तिची वर्षभराची गरज चैत्र-वैशाखातच भांडारात आली पाहिजे. हिरड्याच्या बाबतीत अंगभेदाकडेही लक्ष हवे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात गोळा होतो तो बाळहिरडा. त्रिफळ्यासाठी लागणारे पक्व फळ निराळे.

तिसरा वर्ग, आर्द्रच वापरावयाची द्रव्ये : आवळा, माका, कोरफड, अडुळसा, गुळवेल, शतावरी इत्यादी. यांचा साठा करता येत नाही. त्यामुळे द्रव्य तोडण्याचा दिवस हाच उत्पादनाचा दिवस ठरतो. शेतकऱ्याशी बोलणी करण्याआधी कढई, इंधन, माणसे व स्नेहद्रव्य तयार आहे याची खात्री करावी.

चौथा वर्ग, दुर्मीळ, वादग्रस्त किंवा निर्बंधित द्रव्ये : वंशलोचन, गुग्गुळ, अशोकत्वक्, कुटकी, जटामांसी, कुष्ठ इत्यादी. वंशलोचनाच्या नावाने कृत्रिम पदार्थ विकला जातो. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल येते. कुष्ठ हे ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, तर कुटकी व जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणून त्यांच्या उगमाची कागदपत्रे मागून घ्यावीत. या वर्गातील मालाची खेप परीक्षणात नामंजूर होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून एका नामंजूर खेपेपुरता काळ हाताशी राहील इतक्या आधी मागणी नोंदवावी आणि राखीव साठाही प्रामुख्याने याच वर्गाचा ठेवावा.

४. वीर्यकाल आणि बॅचचा आकार

किती माल एका वेळी तयार करावा, याचे मार्गदर्शन आपल्या ग्रंथांतच आहे. शार्ङ्गधरसंहितेत कच्चे द्रव्य एक वर्षानंतर, चूर्ण दोन महिन्यांनंतर, गुटी व लेह एक वर्षानंतर हीनवीर्य होतात असे सांगितले आहे. घृत-तैलांचा काल चार महिने असून पाठभेदाने तो सोळा महिनेही मानला जातो. याउलट आसव, धातुभस्मे व रसकल्प जुने झाल्यावर अधिक गुणवान होतात. विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध ही द्रव्ये जुनी घ्यावीत, असाही निर्देश आहे.

कायद्यातील नियम १६१-ब मध्ये कल्पांच्या वापराचा कमाल कालावधी दिला आहे. २०१६ च्या सुधारणेनंतर चूर्णासाठी तो दोन वर्षे आहे. आसवारिष्टांसाठी दहा वर्षे आहे. हा कालावधी आजची बांधणी व साठवण गृहीत धरून ठरवलेली कमाल मर्यादा आहे. तिचा अर्थ दोन वर्षांचे चूर्ण एकदम करून ठेवावे असा नाही.

आमच्या मते वीर्यकालाचे हे वचन उत्पादनाच्या वेळापत्रकाचाच नियम आहे. जी औषधे काळाबरोबर सुधारतात, ती साठ्यासाठी करावीत. जी काळाबरोबर क्षीण होतात, ती मागणीनुसार, लहान बॅचमध्ये करावीत. औषधशाळेला सवड असते तेव्हा भस्मे, रसकल्प व आसवारिष्टे हाती घ्यावीत. चूर्णांसाठी द्रव्य न कुटता अखंड स्वरूपात, मंजूर करून ठेवावे.

सितोपलादीचेच उदाहरण पुढे चालवू. ९३ किलो चूर्ण एकदम न करता दर दोन महिन्यांस एक, अशा सहा बॅच कराव्यात. प्रत्येक बॅच सरासरी १५.५ किलोंची होते. त्यात खडीसाखर ८ किलो, वंशलोचन ४ किलो, पिंपळी २ किलो, वेलची १ किलो व दालचिनी अर्धा किलो लागते. हिवाळ्यातील बॅच थोडी मोठी व उन्हाळ्यातील लहान ठेवून मागणीशी मेळ घालता येतो. सहा वेळा यंत्र धुण्याचा व परीक्षणाचा खर्च वाढतो हे खरे. परंतु एखादी बॅच परीक्षणात नापास झाली तर नुकसान १५.५ किलोंचे होते, ९३ किलोंचे नव्हे, ही बाबही हिशेबात धरली पाहिजे.

५. उलट क्रमाने काळाचे गणित

औषध ज्या दिवशी वितरणास तयार हवे, त्या दिवसापासून मागे मोजत यावे. सितोपलादीच्या एका बॅचसाठी पुढीलप्रमाणे दिवस लागतात असे धरू : खरेदी व वाहतूक १५, कच्च्या मालाचे परीक्षण १०, निवडणे व वाळवणे ४, कुटणे व चाळणे ३, मिश्रण १, तयार चूर्णाचे परीक्षण ७, भरणी व लेबल ५. एकूण ४५ दिवस होतात. १ ऑक्टोबरला औषध हवे असेल तर १७ ऑगस्टला मागणी नोंदवली गेली पाहिजे.

हेच द्रव्य मंजूर होऊन भांडारात असेल, तर पहिले २५ दिवस वाचतात व २० दिवसांत बॅच तयार होते. म्हणजे ११ सप्टेंबरला काम सुरू केले तरी पुरते. साथीमुळे अचानक मागणी वाढली तर ज्या औषधशाळेकडे मंजूर कच्चा माल आहे ती तीन आठवड्यांत उत्तर देऊ शकते. चूर्णाचा मोठा साठा करून ठेवण्यापेक्षा अखंड द्रव्याचा साठा ठेवणे अधिक हितकर आहे, ते या कारणाने.

या गणितात ऋतूचा विचार अनिवार्य आहे. कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात हवेतील ओलावा इतका असतो की वाळवण्याचे चार दिवस आठ होतात, खडीसाखर व क्षार असलेली चूर्णे गोळा धरतात आणि बुरशीचे भय राहते. त्या काळातील बॅच लहान ठेवावी, ट्रे ड्रायर वापरावा, खडीसाखर सर्वांत शेवटी कुटावी आणि मिश्रण व भरणी एकाच दिवशी, कोरड्या खोलीत उरकावी.

६. अडसर कोठे आहे ते ओळखावे

लहान औषधशाळेत उत्पादन अडते ते बहुधा एखाद्याच पात्रापाशी किंवा यंत्रापाशी. तेथील क्षमता हीच संपूर्ण औषधशाळेची क्षमता असते. संधानपात्राचे उदाहरण घ्या. २०० लिटरच्या पात्रात वरची पाव जागा मोकळी ठेवली तर १५० लिटर द्रव मावतो. संधानाला ३० दिवस आणि गाळणे, निवळणे व पात्रशुद्धी यांना १० दिवस धरल्यास एक फेरी ४० दिवसांची होते. वर्षात नऊ फेऱ्या बसतात. थंडीत संधान मंदावते, म्हणून आठच धराव्यात. एकूण १२०० लिटर. मागणी १५०० लिटरची असेल तर कितीही चांगली खरेदी केली तरी ती पूर्ण होणार नाही. तेथे दुसरे पात्रच हवे. या परिस्थितीत तीस दिवसांचे संधान बावीस दिवसांत ‘उरकण्याचा’ जो मोह होतो, तो नियोजनाच्या अभावातून आलेला औषधदोष आहे.

आवळ्याच्या हंगामातील कढईचीही हीच गोष्ट. च्यवनप्राशासाठी ६०० किलो आवळा लागणार आहे आणि आपल्या कढईत दिवसाला ५० किलो आवळ्याचे काम होते, तर बारा दिवस लागतील. सर्व आवळा एकदम उतरवून घेतल्यास शेवटच्या दिवसापर्यंत फळे नासतील. शेतकऱ्याशी ठरवून १५० किलोंच्या चार खेपा, तीन-तीन दिवसांच्या अंतराने आणाव्यात. त्या बारा दिवसांत तैल-घृतांचे पाक त्याच कढईवर लावू नयेत, हे महिनाभर आधीच फळ्यावर लिहिलेले असावे.

यासाठी भिंतीवर एक मोठा तक्ता पुरतो. डाव्या बाजूस पात्रे व यंत्रे, वरच्या बाजूस आठवडे, आणि चौकटीत त्या त्या कल्पाची पट्टी. हेन्री गँट यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. संगणक नसलेल्या औषधशाळेतही ती आजही तितकीच उपयुक्त आहे. कामगारांना तो तक्ता वाचता आला पाहिजे, एवढी एकच अट आहे.

७. वर्षाचा स्थूल आराखडा

चैत्र-वैशाखात धायटी व इतर ऋतुद्रव्यांची वर्षाची खरेदी, काष्ठौषधी उन्हात वाळवून हवाबंद करणे, गोवऱ्यांचा साठा आणि पुटांची कामे करावीत. मृगाच्या पावसानंतर उघड्यावर पुट देणे कठीण होते. भस्मे जुनी झाल्याने बिघडत नाहीत, म्हणून वर्षाची भस्मे याच काळात करणे सोयीचे.

ज्येष्ठ ते श्रावणात तापमान फारसे वर-खाली होत नाही. पात्रशुद्धी व झाकणाची दक्षता घेऊन आसवारिष्टांच्या फेऱ्या लावाव्यात. धायटी व क्वाथद्रव्ये आधीच भांडारात असल्याने बाजारावर विसंबावे लागत नाही.

भाद्रपद ते कार्तिकात माका भरपूर मिळतो, तेव्हा भृंगराज तैलाची सिद्धी करावी. शरद ऋतू हा सर्वकार्यार्थ सरस औषधी घेण्याचा काल शार्ङ्गधराचार्यांनी सांगितला आहे. त्वचा व कंद शरदात घ्यावेत, असे चरक कल्पस्थानातही आहे. हिवाळ्यासाठी चूर्णांच्या बॅच याच सुमारास सुरू होतात.

मार्गशीर्ष ते माघात आवळा व अवलेह. फाल्गुनात संपूर्ण साठ्याची मोजणी, मुदत संपत आलेल्या मालाची छाननी, घटीच्या आकड्यांची दुरुस्ती आणि पुढील वर्षाचा अंदाज. विदर्भातील तीव्र उन्हाळा व कोकणातील ओलावा यांप्रमाणे प्रत्येकाने या आराखड्यात फेरफार करावा.

साठ्यातून माल देताना ‘आधी आलेला आधी जावा’ हे परिशिष्ट ‘टी’ मधील तत्त्व पाळावे. नवीन पोती मागे व जुनी पुढे, इतकी साधी मांडणी केली तरी हे साधते.

८. तरीही घटक मिळाला नाही तर

उत्तम नियोजन करूनही कधी अवर्षण, कधी अतिवृष्टी, कधी नामंजूर झालेली खेप यांमुळे घटक हाती येत नाही. अशा वेळी काय करावयाचे, याचा निर्णय शांत वेळी, लेखी स्वरूपात घेऊन ठेवावा.

भावप्रकाशादी ग्रंथांत प्रतिनिधी द्रव्यांची योजना आहे. अष्टवर्गातील मेदा-महामेदा यांऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा व ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद हे सर्वांस ठाऊक आहेच. पण योगातील अप्रधान द्रव्यालाच प्रतिनिधी घेता येतो, प्रधान द्रव्याला नाही, ही मर्यादाही तेथेच सांगितली आहे. शिवाय नियम १६१ नुसार लेबलवर सर्व घटकांची खरी यादी देणे बंधनकारक आहे. छापून ठेवलेल्या लेबलवर वंशलोचन व डब्यात तवकीर, अशी स्थिती असेल तर ते औषध कायद्याच्या कलम ३३-ई नुसार मिसब्रँडेड ठरू शकते. रुग्णाच्या दृष्टीने तर ती सरळ फसवणूक आहे.

म्हणून आमचे मत असे की, प्रधान घटक नसेल तर बॅच पुढे ढकलावी आणि वैद्यांना तसे स्पष्ट कळवावे. ‘सितोपलादी पंधरा दिवस मिळणार नाही’ असा निरोप आला तर वैद्य तालीसादी किंवा अन्य योगाची योजना करू शकतो. परंतु सितोपलादीच्या नावाने दुसरेच काही आले तर तो काहीच करू शकत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते. औषध नसल्याचे कळवणे हा औषधशाळेचा कमीपणा नव्हे. वैद्य व औषधशाळा यांच्यातील विश्वास त्यावरच टिकतो.

वैद्यांचीही येथे एक जबाबदारी आहे. पंचकर्माचे शिबिर किंवा वासंतिक वमनाचा कार्यक्रम आखला असेल, तर त्यास लागणारी घृते, तैले व चूर्णे किमान दोन महिने आधी औषधशाळेस कळवावीत. स्नेहपानासाठी लागणारे सिद्ध घृत आठवड्यात मिळावे अशी अपेक्षा करणे म्हणजे औषधशाळेला मृदुपाकावरच कढई उतरवण्यास भाग पाडणे होय.

प्रारंभ कसा करावा

संपूर्ण औषधशाळेचे नियोजन एकदम हाती घेऊ नये. सर्वाधिक खपाचे दहा कल्प निवडावेत. त्यांचे घटक-तक्ते लिहावेत. त्यांतील सर्व घटकांची एकत्र बेरीज करून प्रत्येक द्रव्यापुढे वरील चारपैकी वर्ग लिहावा. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्गातील द्रव्यांपुढे संग्रहाचा महिना किंवा मागणी नोंदवण्याची तारीख लिहावी. एवढे काम दोन वैद्य व एक भांडारपाल मिळून आठवड्याभरात करू शकतात. यात यंत्रखरेदी नाही, संगणक प्रणाली नाही, फक्त जुन्या नोंदवह्या आणि प्रामाणिक मोजणी आवश्यक आहे.

पुढील वर्षी त्या दहा कल्पांपैकी कोणता, कोणत्या घटकावाचून, किती दिवस अडला याची नोंद ठेवावी. ती नोंदच दुसऱ्या वर्षाच्या नियोजनाचा पाया होईल. आपल्या सभासद औषधशाळांनी अशा नोंदी एकत्र केल्यास, एका तालुक्यात अडलेले द्रव्य दुसऱ्या तालुक्यातील सहकाऱ्याकडून परीक्षण-अहवालासह मिळवणेही शक्य होईल.